परदेशाचं साहित्य आणि आमचं आडनाव

समुद्र ओलांडला की जात जाते, असं आपल्या शास्त्रकारांनी लिहून ठेवलंय. बौधायनाच्या धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कर्मांची यादी आहे, तीत समुद्रप्रवास आहे. १८८८ साली गांधी बॅरिस्टर व्हायला निघाले तेव्हा मुंबईतल्या मोढ वाण्यांनी त्यांना जातीबाहेर काढलं. १८९१ला परत आले तर थोरल्या भावानं त्यांना नाशकाला नेलं, गोदावरीत अंघोळ घातली, पुढं राजकोटला जातजेवण दिलं. जातीतल्या एका तटानं त्यांना परत घेतलं. म्हणजे गेलेली जात एका बुडीत सापडली.

त्याच नाशकात २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आमचे बापजादे दारात बसले, लाठ्याधोंडे खाल्ले, दार उघडलं नाही. गेलेली जात परत मिळवायला नदी आहे, असलेली जात घालवायला नदी नाही. समुद्रात जात पडते हे खरं असतं तर आमच्या आज्यापणज्यांनी जहाजाची वाट बघितली नसती, पोहत गेले असते.

हा लेख त्या न पडलेल्या जातीबद्दल आहे. परदेशावरच्या मराठी लिखाणानं ती कुठं ठेवली, आणि आमच्या लिखाणानं ती अजून बाहेर का काढली नाही, याबद्दल आहे.

लिहिणारा कोण ते आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला सोपं जाईल. मी डाळजचा. पुणं-सोलापूर रस्त्यावर भिगवण सोडलं की उजनीच्या पाण्याकडेला आमचं गाव. पेपरमिलमध्ये ठेकेदाराकडं कामाला आहे. कॉलेज पाहिलं नाही. जे वाचलं ते नाईटच्या शिफ्टला आणि एसटीत. मला परदेश तीन वाटांनी दिसतो. हिवाळ्यात पक्षी येतात, पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतात, आणि त्यांच्या मागं पुण्यामुंबईचे कॅमेरेवाले येतात. मिलमध्ये परदेशातनं पल्पच्या गासड्या येतात, त्या आम्ही उतरवून घेतो. आणि तिसरं म्हणजे चुलत्याच्या घरी रविवारी सकाळी फोन येतो. चुलत्याचा थोरला अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पक्ष्याला कुणी जात विचारत नाही, गासडीलाही नाही. फोनवरल्या माणसाचं काय, हे पुढं येईल.

आता पुस्तकांकडं वळू.

परदेशावर मराठीत भरपूर लिहिलेलं आहे. पु. ल. देशपांड्यांचं 'अपूर्वाई' १९६०चं. मी ते रात्रपाळीत वाचलंय आणि हसलोय, हसलो नाही असं म्हणणार नाही. पण ते पाहुण्याचं पुस्तक आहे. पाहुणा जातो, बघतो, परत येतो, घरच्यांना सांगतो. राहायला गेलेल्यांची गोष्ट नंतर सुरू होते. अमेरिकेनं १९६५ साली आपला इमिग्रेशनचा कायदा बदलला, देशादेशांप्रमाणे ठरवलेला जुना वाटा काढून टाकला, आणि शिकलेल्या माणसांना वाट मोकळी केली. इथले डॉक्टर, इंजिनिअर तिकडं गेले ते त्या वाटेनं. त्यांची मंडळं झाली. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. गणपती बसले, नाटकं गेली, दिवाळी अंक निघाले, त्यातनं कथा आल्या, कविता आल्या, लेख आले.

या सगळ्या लिखाणाचा पाया एकच आहे, आठवण. बाहेर बर्फ पडतोय आणि मनात अंगण आहे. आई येते, सहा महिने राहते, तिला करमत नाही. पोरं मराठी बोलत नाहीत. चकलीची भाजणी विमानातनं येते. म्हातारपणी परत जावं की न जावं याचा घोळ पडतो. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. माणूस मुळापासून उपटला की त्याला दुखतंच, त्याचं दुखणं त्यानं लिहावं. माझा सवाल दुसरा आहे. हे आठवणीतलं गाव कुणाचं आहे?

त्यात वाडा असतो, पार असतो, तुळशीवृंदावन असतं, आजोळची विहीर असते. विहिरीवर कोण पाणी भरत नव्हतं हे नसतं. पारावर कोण बसत नव्हतं हे नसतं. मेलेलं ढोर कोण ओढत होतं ते तर नसतंच. समुद्रापलीकडं गेल्यावर गाव आणखी स्वच्छ होतं, धुऊन निघतं. इथं राहणाऱ्या लेखकाला निदान रस्त्यानं जाताना वस्ती दिसते, नाक दाबून का होईना दिसते. तिकडच्या लेखकाला तीही दिसत नाही. मग तो लिहितो, इथं आपण सगळे मराठी. हे वाक्य मला सगळ्यात जास्त सलतं. ज्यानं ते लिहिलं त्याच्या मनात कपट नसेल. पण 'सगळे' म्हणताना त्यानं हजेरी घेतलेली नसते.

म्हणून परदेशावरच्या कुठल्याही मराठी पुस्तकाला मी एक परीक्षा लावतो. यातल्या माणसाला आपलं आडनाव सांगायच्या आधी एकदा तरी आवंढा गिळावा लागला का? बर्फ, नोकरी, इंग्रजीचे उच्चार, एकटेपणा यांनी आवंढा येतो ते मी मोजत नाही. मी आडनावाचं विचारतो. गोरा माणूस 'कांबळे' ऐकतो तेव्हा त्याला काहीच ऐकू येत नाही, त्याला ते नुसतं अवघड नाव आहे. पण शेजारच्या टेबलावरचा आपला मराठी माणूस 'कांबळे' ऐकतो तेव्हा त्याला गाव, वेस, आजा, सर्टिफिकेट, राखीव जागा सगळं एका झटक्यात ऐकू येतं. म्हणजे तिथली जात अमेरिकेनं बनवलेली नाही. ती आपल्या बॅगेतनं गेलेली आहे, आणि ती वाचता येणारे डोळेही आपल्याच विमानानं गेलेत.

या परीक्षेला उतरणारं पहिलं लिखाण बाबासाहेबांचं आहे. नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९३५च्या सुमाराला इंग्रजीत लिहिलेलं, १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापलेलं. थोडी पानं आहेत, प्रसंग सांगितलेत, संपलं. ते कुणासाठी लिहिलं ते पहिल्याच पानावर आहे, परदेशी माणसासाठी. त्याला अस्पृश्यता आहे एवढं ठाऊक असतं, ती कशी असते ते कळत नाही, म्हणून.

त्यातला बडोद्याचा प्रसंग सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण आपण तो नेहमी भाषणात ऐकतो, लिखाण म्हणून वाचत नाही. लिखाण म्हणून वाचून बघा. सयाजीराव गायकवाडांनी महिन्याला साडेअकरा पौंड अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, अट अशी की परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची. १९१३ला बाबासाहेब न्यू यॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ला एम.ए., १९१६ला लंडन, १९१७ला शिष्यवृत्ती संपली म्हणून परत. करारापायी बडोद्याला गेले. ते स्वतः लिहितात त्याचा आशय असा की इतकी वर्षं युरोप-अमेरिकेत राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातनं पुसली गेली होती. स्टेशनावर उतरल्यावर प्रश्न पडला, राहायचं कुठं?

एक पारशी धर्मशाळा मिळाली. पण पारशी असल्याशिवाय जागा नाही. मग पारशी नाव घेतलं, त्या नावानं वहीत नोंद केली, रोजचा दीड रुपया ठरला. अडगळीनं भरलेल्या मजल्यावर एकट्यानं दिवस काढले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची. दोन मित्रांकडं विचारून बघितलं, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनी आपापल्या घरातली अडचण सांगितली. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला पाच तास होते, ते कामाठी बागेत काढले.

ह्यात एकही विशेषण जोरात वाजत नाही. रडणं आहे पण ते एका वाक्याचं. आम्ही पोरं कविता लिहितो तर ओळीओळीला आग लावतो, या माणसानं तारखा, पैसे, गाडीची वेळ एवढंच लिहिलं आणि वाचणाऱ्याला बसायला जागा ठेवली नाही. ही आमची परंपरा आहे, आणि आम्ही ती वाचायची ती पुतळ्याकडं बघत वाचतो.

आणखी एक. पुस्तकाच्या नावातला व्हिसा कुठल्या देशाचा आहे? आतल्या प्रसंगांत अमेरिकेच्या दारात अडवल्याची गोष्ट नाही. गोरेगावची वाट आहे, बडोदा आहे, चाळीसगाव आहे, दौलताबादचा किल्ला आहे. मी तरी त्याचा अर्थ असा घेतो की ज्या मुलखात जन्मलो त्याच मुलखात शिरायच्या परवान्याची ही वाट बघणं आहे. परदेशावरच्या आपल्या प्रस्थापित साहित्यात माणूस घर सोडून परक्या मुलखात जातो. इथं माणूस परक्या मुलखातनं येतो आणि मग त्याला कळतं, घर हाच परका मुलूख. तिकडच्यांचं दुःख हरवलेल्या घराचं. आमचं दुःख मुळात न मिळालेल्या घराचं. दोन्ही एका कपाटात ठेवली तरी एका जातीची पुस्तकं नव्हेत ही.

दुसरं पुस्तक नरेंद्र जाधवांचं, 'आमचा बाप आन् आम्ही', १९९३. नाशिकजवळच्या ओझरचा दामू मुंबईत येतो, पोर्ट ट्रस्टात राबतो, चळवळीत उतरतो, पोरं शिकवतो. लेखक अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट करतो, रिझर्व्ह बँकेत जातो, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम करतो, पुढं २००६ला पुणे विद्यापीठाचा कुलगुरू होतो. हे पुस्तक आमच्याकडं घराघरांत आहे, पोरांना बक्षीस देतात.

पुस्तकाची खरी ताकद त्याच्या नावातल्या 'आन्'मध्ये आहे. 'आणि' नाही लिहिलं. बापाचं बोलणं बापाच्याच तोंडचं ठेवलं, त्याला धोतर सोडायला लावून सूट घातला नाही. म्हातारा स्वतः लिहितो ती पानं मी दोनदोनदा वाचली. ज्याला शाळा मिळाली नाही त्याच्या हातचं गद्य डॉक्टर झालेल्या लेकाच्या गद्यापेक्षा टणक आहे, आणि हे लेकालाही कळलेलं असणार, म्हणून तर त्यानं बापाला पुढं बसवलं.

माझी तक्रार पुस्तकाशी कमी, आपल्या वाचण्याशी जास्त आहे. आपण ते शिडीसारखं वाचतो. खाली ओझर, मग वडाळा, मग अमेरिका. वरच्या पायरीवर पोचलं की टाळ्या वाजवतो आणि पुस्तक मिटतो. अमेरिका म्हणजे शेवट, अमेरिका म्हणजे निकाल लागला. सत्काराच्या बॅनरवरही तेच. फलाण्याचा मुलगा परदेशी रवाना, खाली विमानाचं चित्र. विमान उडालेलं असतं, उतरलेलं कधी दाखवत नाहीत. उतरल्यावर तो कुणाच्या खोलीवर राहिला, खोलीवरच्या दुसऱ्या पोरानं त्याला पहिल्या आठवड्यात काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, हे आम्हाला नको असतं. आम्हाला जिंकलेली गोष्ट पाहिजे. पांढरपेशांनी गाव धुऊन घेतलं, आम्ही परदेश धुऊन घेतला. दोघांनी मिळून एकच गोष्ट झाकली.

उतरल्यावर काय होतं ते कळायला साहित्य नव्हे, कोर्टाचे कागद कामी आले. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या खात्यानं सिस्को कंपनीवर आणि तिथल्या दोन भारतीय वरिष्ठांवर दावा लावला. आरोप असा की एका दलित इंजिनिअरला जातीवरनं त्रास दिला, तो आयआयटीत राखीव जागेतनं आला हे सहकाऱ्यांत सांगितलं, तक्रार केल्यावर त्याला एकटं पाडलं. कंपनीनं आरोप नाकारले. दोन वरिष्ठांवरचा दावा राज्यानं २०२३च्या एप्रिलमध्ये मागं घेतला. खरंखोटं कोर्टाचं काम, मी त्यात पडत नाही. मी कवी म्हणून एकाच गोष्टीपाशी अडकलो. कागदावर त्या इंजिनिअरचं नाव जॉन डो आहे. अमेरिकेत नाव झाकायचं असलं की हे नाव लावतात.

१९१७ साली बडोद्यात पारशी नाव. २०२० साली कॅलिफोर्नियात गोऱ्याचं नाव. मधी १०३ वर्षं गेली, राज्यघटना झाली, आमचाच माणूस ती लिहून गेला, आणि आमच्या शिकलेल्या माणसाला अजून राहायला दुसऱ्याचं नाव लागतं.

२१ फेब्रुवारी २०२३ला सिएटल शहरानं जातीवरनं भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेतलं असं करणारं ते पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. पुढं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसंच विधेयक मंजूर केलं, पण ७ ऑक्टोबर २०२३ला गव्हर्नरनं नकाराधिकार वापरला. कारण दिलं की असला भेदभाव आधीच्या कायद्यांत येतोच, वेगळा शब्द नको. वेगळा शब्द नको हे आम्ही ओळखतो. 'दलित साहित्य' म्हणलं तेव्हा इथल्या समीक्षकांनी हेच सांगितलं होतं, साहित्य ते साहित्य, त्याला वेगळा शब्द कशाला.

आता फोनवरल्या माणसाकडं येतो. हे सांगावं की नाही याचा महिनाभर विचार केला. त्यानं सांगायला परवानगी दिली, नाव न घेता.

चुलत्याचा थोरला लहानपणापासून हुशार. आम्ही एकाच दिव्याखाली अभ्यास केला, तो पुढं गेला, मी मिलमध्ये गेलो. तिकडं गेल्यावर त्यानं आडनाव बदललं. गावाच्या नावाला 'कर' जोडलं. मराठीत 'कर' लावलं की जात कळत नाही, उलट जरा वरचीच वाटते. ज्या गावानं आमचं घर शिवेला ठेवलं त्याच गावाचं नाव आता त्याला झाकायला कामाला येतंय. दोन वर्षांपूर्वी १४ एप्रिलला मी मिरवणुकीतला फोटो टाकला, त्याला त्यात जोडलं, वर जयभीम दादा लिहिलं. तासाभरात त्याचा फोन. तिकडं रात्र होती.

"ते काढ आधी. आत्ता काढ."

मी काढलं. पण मला राग आला आणि त्या रागात मी कविता लिहिली. त्यात त्याला पळपुटा म्हणलं, आडनाव विकून डॉलर घेतले असं म्हणलं. ती एका संमेलनात वाचली, टाळ्या पडल्या. मी ती त्याला पाठवली. हे मी केलं.

त्यानं आठ दिवसांनी उत्तर दिलं, बोलून, भांडून नव्हे. म्हणाला, "तू तिथं जयभीम म्हणतोस ते बरोबर आहे. तुला कोण काढणार? ठेकेदार? एकानं काढलं तर दुसऱ्याकडं जाशील, घरी भाकरी तर हाय. माझा व्हिसा माझ्या नावावर असला तरी मालकाच्या हातात हाय. नोकरी गेली की साठ दिवस. साठ दिवसांत दुसरा मालक न्हाई मिळाला तर बायकापोरं घेऊन बॅगा भर. माझा लीड पुण्याचा, त्याच्या वरचाही पुण्याचा. दुपारी डबे उघडले की गप्पा कशावर येतात म्हाईत हाय? कोण कुणाच्या कोट्यातनं आलं. मी हसतो तिथं. मी बी हसतो, कळलं का?"

मी गप्प झालो. मग शोधून वाचलं. तो ज्या व्हिसावर आहे तो एचवन-बी, १९९०च्या कायद्यानं सुरू झालेला, वर्षाला ६५ हजार, आणि तिथंच वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. अर्ज मालक करतो. नोकरी सुटली की जास्तीत जास्त साठ दिवस, हे खरं आहे. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये बाहेरून आणायच्या माणसाच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा आकार लावायचा हुकूम निघाला. हे वाचताना मला आमचा गेटपास आठवला. गेटपासवर फोटो माझा, सही ठेकेदाराची. पास काढून घेतला की मी गेटबाहेर. फरक एवढाच की माझ्या गेटबाहेर भिगवण आहे, त्याच्या गेटबाहेर सात समुद्र.

तेव्हा मला माझी कविता खोटी वाटली. शब्द खोटे नव्हते, हिशेब खोटा होता. मी घरात बसून दुसऱ्याच्या जिवावर शूर झालो होतो. आमच्या समीक्षेत बांधिलकी, बांधिलकी म्हणतात. बांधिलकी मागताना समोरचा कशाला बांधलेला आहे ते आधी बघावं, एवढं मी शिकलो. ती कविता मी फाडली नाही, पण आता वाचत नाही.

पण मग काय? तो लपला ते बरोबर, म्हणून गोष्ट संपली? इथं मी परत बडोद्याकडं येतो. बाबासाहेबांनी खोटं नाव सांगितलं. राहायला जागा पाहिजे होती, सांगितलं. त्याची लाज त्यांनी कुठं धरलेली दिसत नाही. पण पुढं ते त्यांनी लिहून ठेवलं, स्वतःच्या नावानं, कसं सांगितलं, का सांगितलं, किती दिवस निभलं. खोटं नाव अकरा दिवस चाललं, लिहिलेलं अजून चालतंय. जॉन डोचंही तसंच आहे. नाव खोटं असेल, पण जबानी त्यानं दिली. लपणं हा गुन्हा नाही. लपावं लागलं हे कुठंच लिहिलं जात नाही, हे मात्र आमच्या साहित्याचं अपयश आहे, आणि त्याला जबाबदार फक्त प्रस्थापित नाहीत.

कुणी म्हणेल, आमची माणसं तिकडनं लिहितात की. लिहितात. नांदेडच्या सूरज एंगडेंचं 'कास्ट मॅटर्स' २०१९ला इंग्रजीत आलं, गाजलं, त्याचा आनंद आहे. पण बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिलं ते परदेशी माणसाला सांगायला. आज तिथला गोरा माणूस हळूहळू ऐकायला लागलाय, ठराव करतोय. ज्याच्यापासून आडनाव लपवायचं तो डबा उघडून बसलेला माणूस मात्र मराठी आहे. तो दिवाळी अंक वाचतो, मंडळात नाटक बघतो, अपूर्वाई त्याला पाठ आहे. त्याच्या कपाटात हे पुस्तक मराठीतच गेलं पाहिजे. त्याच्या आठवणीच्या गावाशेजारी आमची वस्ती उभी राहिली पाहिजे, तेव्हा त्याचं 'सगळे' पुरं होईल.

ते पुस्तक कसं असावं हे मी सांगणारा कोण? तरी मागणी नोंदवतो. त्यात बर्फ कमी असावा. पहिल्या दिवशी खोलीवर काय विचारलं ते असावं. डबे उघडल्यावर कोण काय म्हणलं ते असावं. घरात बाबासाहेबांचा फोटो कुठल्या खोलीत लावला, पाहुणे यायच्या आधी तो काढला का, काढला तर कुठं ठेवला, आणि पोरीनं विचारलं तर तिला काय सांगितलं, ते असावं. आणि ज्यांच्याबरोबर आडनाव झाकावं लागलं नाही अशी माणसं भेटली असतील, तर तीही असावीत. ती भेटतात, दादा म्हणतो. त्याच्या शेजारी एक काळी बाई राहते, तिला त्यानं पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या परदेश शिष्यवृत्तीवर आमची पोरं आता दरवर्षी बाहेर जातात. गावोगाव बॅनर लागतात, लागू द्या. पण जाणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे की वही घेऊन जा. सयाजीरावांचा करार दहा वर्षांच्या नोकरीचा होता. समाजाचा तुमच्याशी करार असलाच तर तो एवढाच, जे झालं ते लिहा. नाव लावता येत नसेल तर लावू नका. खोटं नाव लावा, आम्ही छापू. आमच्या या पानांना मोठा मालक नाही, इथं कुणाचा व्हिसा जात नाही.

हा लेख पक्का केल्यावर मी दादाला फोनवर वाचून दाखवला. पूर्ण ऐकलं. शेवटी म्हणाला, "डब्याचं लिहिलंस ते बरोबर हाय. पण हसण्याचं राहिलं. मी हसतो तेव्हा माझा हात टेबलाखाली काय करतो ते न्हाई लिहिलंस."

मी म्हणलं, ते मला कसं माहीत असणार दादा. ते तू लिही.

जयभीम.